मागच्या आरशाचं श्रेय रे हॅरूनला द्यायचं की नाही?

स्टिअरिंगमागे

मोटारीला मागचा आरसा पहिल्यांदा कुणी लावला, असं कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: रे हॅरून. तारीख 30 मे 1911, इंडियानापोलिसची पहिली 500 मैलांची शर्यत, पिवळी-काळी 'मार्मन वास्प', क्रमांक 32. बाकी गाड्यांमध्ये ड्रायव्हरशेजारी मेकॅनिक बसलेला, हॅरून मात्र एकटा. बाकीच्या ड्रायव्हरांनी हरकत घेतली की मागून कोण येतंय हे याला सांगणारं कुणी नाही, हा सगळ्यांनाच धोका आहे. त्यावर उपाय म्हणून त्याने समोर, काउलच्या (ड्रायव्हरपुढच्या पत्र्याच्या) वर, 3 इंच उंच आणि 8 इंच रुंद आरसा दांड्यांवर बसवला. 6 तास 42 मिनिटांत, ताशी साधारण 74.6 मैलांच्या सरासरीने शर्यत जिंकली. झाला आरशाचा जनक.

माझं म्हणणं आहे की हे श्रेय आता काढून घ्यावं. कारणं तीन.

पहिलं, आरसा त्याआधीच बाजारात होता. 1906 मध्येच अमेरिकेतल्या एका मोटार-व्यापाराच्या नियतकालिकाने लिहून ठेवलंय की बंदिस्त बॉडीच्या मोटारींवर मागचं दाखवणारे आरसे लोकप्रिय झाले आहेत आणि लवकरच सगळीकडे दिसतील. त्याच वर्षी फ्रान्सच्या हेन्री केनने मोटारीसाठी 'इशारा देणाऱ्या आरशा'चं पेटंट घेतलं. 1908 मध्ये हव्या त्या दिशेला वळवता येणारा 'आर्गस डॅश मिरर' विकायला आला. म्हणजे हॅरूनच्या तीन वर्षं आधी वस्तू दुकानात होती.

दुसरं, कल्पनाही त्याची नव्हती. 1904 मध्ये शिकागोत एका घोडागाडीवर असा आरसा पाहिला होता, हे त्यानेच सांगितलंय.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं: तो आरसा चाललाच नाही. विटांच्या ट्रॅकवर इतका थरथरत होता की त्यात काही दिसत नव्हतं, ही कबुलीही हॅरूनचीच. आणि 1912 पासून त्या शर्यतीत सोबत मेकॅनिक घेणं सक्तीचं झालं. आरशाने काम केलं असतं तर हा नियम कशाला आला असता?

ज्या यंत्राने एकाही फेरीत आपलं काम केलं नाही, त्याच्या नावाने इतिहास लिहायचा का?

---

तेलकट_हात

तुमची तिन्ही कारणं वाचली. तपशील बरोबर आहेत, पण त्यातून काढलेला निष्कर्ष पटत नाही.

आर्गस किंवा केनचा आरसा ही जोडवस्तू होती. गाडी आधी बनली, आरसा नंतर लावला. काढून ठेवला तरी गाडीचं काही अडत नव्हतं. वास्पमध्ये उलटं आहे. नॉर्डाइक अँड मार्मन कंपनीत हॅरून इंजिनिअर म्हणून काम करत होता. एका माणसाची गाडी करायची हे आधी ठरलं. त्यामुळे अंग अरुंद झालं, मागे टोकदार शेपूट आलं, वारा कमी अडला, एका माणसाचं वजन वाचलं. या सगळ्या मांडणीत मागचं बघणारी दुसरी डोळ्यांची जोडी वगळली गेली आणि तिची जागा आरशाने घेतली. त्या आरशाशिवाय ती गाडी सुरुवातीच्या रांगेत उभीच राहू शकत नव्हती. आरसा हा गाडीच्या रचनेचा भाग होण्याचं हे पहिलं ठळक उदाहरण आहे, आणि श्रेय द्यायचं ते त्याचं.

हेही लक्षात घ्या की तो शर्यतीत 28 व्या जागेवरून सुटला. 40 गाड्या होत्या. पुढे जाताना त्याने बऱ्याच गाड्या ओलांडल्या, आणि टायर वाचवण्यासाठी ठरवून ताशी 75 मैलांच्या आसपास वेग ठेवला असल्यामुळे त्याच्याहून वेगाने पळणारेही मागून येत राहिले. मधल्या फेऱ्यांमध्ये सायरस पॅट्श्के त्याच्या जागी बसला, तोही एकटाच. दोघांनी मिळून 200 फेऱ्या मेकॅनिकशिवाय, कुणाला धडक न देता पूर्ण केल्या.

त्याच शर्यतीच्या सुरुवातीच्या टप्प्यात आर्थर ग्रायनरच्या गाडीला अपघात झाला आणि त्याचा मेकॅनिक सॅम डिक्सन जागीच गेला. शेजारच्या सीटवर माणूस बसवण्याची किंमत काय असते, हे त्याच दिवशी दिसलं होतं. एकट्याने गाडी चालवता येते हे दाखवणं ही छोटी गोष्ट नाही.

---

लाल_माती

या दोघांच्या वादात डोरोथी लेव्हिटचं नाव कुणीच का घेत नाही? नेपियर गाड्या घेऊन शर्यती करणारी इंग्लंडची ड्रायव्हर. 1909 मध्ये तिचं 'द वूमन अँड द कार' हे पुस्तक आलं. त्यात तिने स्पष्ट सांगितलंय की सीटखालच्या खणात हातातला आरसा ठेवा आणि रहदारीत अधूनमधून तो वर धरून मागचा रस्ता बघा. आरसा पुरेसा मोठा असावा आणि त्याला धरायला दांडी असावी, हेही लिहिलंय. म्हणजे वापर कसा करायचा, किती मोठा घ्यायचा, कुठे ठेवायचा, सगळं छापील स्वरूपात, हॅरूनच्या दोन वर्षं आधी, सामान्य चालकांसाठी.

जनक शोधायचाच असेल तर मला तिचं नाव पहिलं वाटतं. शर्यत जिंकली की नाव होतं, रोजच्या रस्त्यासाठी उपयोगी सल्ला दिला तर होत नाही, हा अन्याय आहे.

---

तेलकट_हात

@लाल_माती, लेव्हिटबद्दल पूर्ण आदर आहे. पण हातात आरसा धरणं हा उपाय त्या काळच्या गाडीत टिकणारा नव्हता. उजव्या हाताला बाहेरच्या बाजूने गिअरची दांडी आणि हँडब्रेक, स्टिअरिंगवर किंवा त्याखाली स्पार्क आणि थ्रॉटलच्या कांड्या. स्टिअरिंगला आजच्यासारखी मदत नाही, खड्ड्यात चाक गेलं की धक्का थेट हातात. अशा वेळी एक हात आरशासाठी मोकळा करणं म्हणजे नेमका गर्दीत ताबा कमी करणं. आणि दर वेळी आरसा वर धरला की कोन नव्याने जुळवायचा. त्यात एक-दोन सेकंद जातात. ताशी 20 मैलांनी जाणारी गाडी तेवढ्यात 9 ते 18 मीटर पुढे सरकते.

---

चेकनट

इथे थोडं यंत्राच्या बाजूने बोलू, कारण 'थरथरत होता' हे सगळे म्हणतात, पण का थरथरत होता यात कुणी शिरत नाही.

आरशाचा नियम असा की काच जेवढ्या कोनात कलते, त्याच्या दुप्पट कोनात प्रतिबिंब सरकतं. काच अर्धा अंश कलली की दिसणारी दिशा एक अंशाने सरकली. 30 मीटर मागे असलेल्या गाडीसाठी एक अंश म्हणजे 52 सेंटीमीटर. त्या काळची गाडी दीड मीटर रुंद धरली तर तिची जवळजवळ एक तृतीयांश रुंदी. काच दोन अंश हलली तर गाडी आपल्या रुंदीपेक्षाही जास्त इकडेतिकडे उडी मारणार. आणि ही हालचाल सेकंदाला वीस-पंचवीसपेक्षा जास्त वेळा होत असेल तर डोळ्याला उडीही दिसत नाही, नुसता पट्टा दिसतो.

आता ट्रॅक बघा. 1909 मध्ये तिथे 32 लाख विटा बसवल्या. ताशी 75 मैल म्हणजे सेकंदाला साधारण 33 मीटर. विटेची रुंदी 10 सेंटीमीटर धरली तर सेकंदाला 330 सांधे चाकाखालून जातात. ही वारंवारता इतकी जास्त आहे की टायर आणि पाट्यांच्या स्प्रिंगा त्यातलं बरंच खातात. खरा त्रास विटांच्या उंच-सखल पट्ट्यांचा. काही मीटरच्या अंतराने येणारे ते हेलकावे, त्यावर ठोस अ‍ॅक्सल, कडक पाटे आणि खच्चून हवा भरलेले अरुंद टायर. आणि हे सगळं ज्या चॅसीला (गाडीच्या सांगाड्याला) जाणवतंय, तिच्यावर काउलचा पातळ पत्रा, पत्र्यावर दांड्या, दांड्यांच्या टोकाला काच.

दांडीचं गणित सोपं आहे. गोल दांडीचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो आणि लांबीच्या घनाने कमी होतो. जाडी दुप्पट केली तर 16 पट ताठ. लांबी निम्मी केली तर 8 पट ताठ. उलट काचेचं आणि चौकटीचं वजन वाढलं की कंपनाची नैसर्गिक गती खाली येते आणि नेमकी इंजिन-रस्त्याच्या हेलकाव्यांच्या टप्प्यात सापडते. एकाच दांडीवर टोकाला काच असेल तर 15 सेंटीमीटर लांबीच्या दांडीचं टोक अडीच मिलिमीटर हललं तरी काच दीड अंशाने कलते. वास्पवर चार दांड्यांची चौकट आहे, ती त्या मानाने चांगली. चार दांड्या एकत्र झुकल्या तर काच पुढेमागे सरकते पण फारशी कलत नाही, आणि सरकण्याने प्रतिबिंब बिघडत नाही. पण चौकट ज्या पत्र्यावर उभी आहे तो पत्राच लवत असेल तर चारही दांड्या मुळासकट कलतात, आणि मग वर कितीही जाड दांड्या घाला, उपयोग नाही.

म्हणून माझं मत दोघांपेक्षा वेगळं आहे. आरसा ही वस्तू सगळ्यांना माहीत होती, ती कुणीही लावली असती. अडचण पकडीची होती. ती ज्यांनी सोडवली त्यांना श्रेय द्या. हॅरूनने ती सोडवली नाही. लेव्हिटने मात्र नकळत अर्धी सोडवली होती. @तेलकट_हात, तुम्ही हातातल्या आरशाला नावं ठेवली, पण खांदा, कोपर आणि मनगट ही साखळी जलद कंपनं झकास शोषते. हातातली काच संथ डुलते, पण थरथरत नाही. प्रतिबिंब दिसण्याच्या बाबतीत 1909 चा हातातला आरसा 1911 च्या दांडीवरच्या आरशापेक्षा सरस ठरला असता.

---

स्टिअरिंगमागे

@चेकनट, हे माझ्याच बाजूचं आहे. आरसा दिसत नव्हता एवढंच मी म्हणत होतो, तुम्ही तो का दिसत नव्हता ते दाखवलंत.

---

भिंगवाला

कंपनाशिवायही त्या आरशाची एक अडचण होती आणि ती भूमितीची आहे.

सपाट आरशातून किती दिसतं, हे काढायला एकच गुणोत्तर लागतं: डोळ्यापासून आरशाचं अंतर आणि आरशापासून मागच्या वस्तूचं अंतर. डोळा आरशापासून 60 सेंटीमीटरवर आहे असं धरू. 8 इंच म्हणजे 20.3 सेंटीमीटर रुंद काच. 30 मीटर मागे तिच्यातून दिसणारी पट्टी 20.3 सेंटीमीटर गुणिले 51, म्हणजे साधारण 10.4 मीटर. उंची 3 इंच, म्हणजे त्याच अंतरावर 3.9 मीटर. ट्रॅक सरळ भागात 50 फूट, म्हणजे सव्वापंधरा मीटर रुंद. म्हणजे 30 मीटर मागे ट्रॅकची दोन तृतीयांश रुंदी दिसते. वाईट नाही. दोन्ही डोळ्यांनी मिळून थोडं जास्त.

पण 10 मीटर मागे तीच पट्टी 3.6 मीटरवर येते, मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना 1.8 मीटर. बाजूने ओलांडायला निघालेली गाडी तोवर या पट्टीबाहेर गेलेली असते. ज्या क्षणी तिची सगळ्यात जास्त गरज, त्या क्षणी ती आरशात नसते. काच अगदी स्थिर असती तरी हे झालंच असतं.

दुसरी गोष्ट डोक्याची. एका माणसाच्या गाडीत ड्रायव्हर मध्यभागी, आरसाही मध्यभागी. ड्रायव्हरचं डोकं आरशापासून 60 सेंटीमीटरवर, आणि त्या अंतरावर आरशाच्या नजरेची पट्टी फक्त 40 सेंटीमीटर रुंद. टोपी आणि गॉगलसकट डोकं 20 सेंटीमीटर धरा. आरसा डोळ्यांच्या पातळीवर ठेवला तर अर्धी काच स्वतःच्या तोंडाने भरली. हे टाळायचं असेल तर काच डोळ्यांच्या रेषेपेक्षा 12 सेंटीमीटरहून अधिक वर न्यावी लागते, कारण डोक्याचा माथा डोळ्यांच्या साधारण तेवढाच वर असतो. पण वर न्यायची म्हणजे दांड्या लांब करायच्या, आणि @चेकनट यांनी लांबीच्या घनाचं काय होतं ते सांगितलंच आहे. एका माणसाच्या गाडीत हा पेच सुटत नाही. दोन माणसांच्या गाडीत आपोआप सुटतो: ड्रायव्हर एका बाजूला, आरसा मध्ये वरती, डोकं वाटेत येत नाही. आजही आतला आरसा काचेच्या मध्यभागी वर टांगलेला असतो, त्याचं मूळ इथे आहे.

---

तेलकट_हात

गणित छान आहे, पण त्यातून एवढंच सिद्ध होतं की हॅरूनने सगळ्यात कठीण जागी आरसा बसवायचा प्रयत्न केला. पहिल्या प्रयत्नात दोष असणं आणि तो प्रयत्न पहिला नसणं, या वेगळ्या गोष्टी आहेत.

---

कागदोपत्री

श्रेयाचा विषय निघालाय तर कागदपत्रांकडेही बघूया. अमेरिकेत 1914 मध्ये चेस्टर वीडने मोटारीवरच्या आरशाच्या जोडणीचं पेटंट घेतलं. 1921 मध्ये एल्मर बर्गरने पेटंट घेतलं, आणि त्याच्या कंपनीने तो आरसा 'कॉप-स्पॉटर' म्हणून विकला. मागे पोलीस लागलाय का हे आधी कळावं, हा जाहिरातीचा मुद्दा. अनेक ठिकाणी 'रिअर व्ह्यू मिररचा शोधक' म्हणून बर्गरचंच नाव छापतात.

एक घोळ दूर करायला हवा. पेटंट म्हणजे 'ही वस्तू मी पहिल्यांदा जगात आणली' याचा दाखला नाही. एका ठराविक रचनेवर, विशिष्ट जोडणीवर, ठराविक मुदतीसाठी दुसऱ्याला मनाई करण्याचा तो हक्क आहे. आरसा सर्वज्ञात असताना केन, वीड आणि बर्गर या तिघांनाही पेटंट मिळू शकलं, ते यामुळेच. तेव्हा @चेकनट यांचं 'पकडीला श्रेय द्या' हे म्हणणं पेटंटांच्या पद्धतीशीही जुळतं.

बर्गरचं महत्त्व विक्रीत आहे. त्याने सामान्य माणसाला आरसा विकत घ्यायचं एक कारण दिलं. सुरक्षिततेच्या नावाने जो विकत घेतला नसता, तो दंड वाचवायला घेतला गेला. माझं मत बर्गरला.

---

लाल_माती

@कागदोपत्री, पोलिसाला चुकवण्यासाठी घेतलेल्या आरशाला सुरक्षिततेच्या इतिहासात पहिलं स्थान द्यायचं, हे मला पटत नाही. लेव्हिटचा हेतू स्वच्छ होता: गर्दीत मागचं दिसावं. हेतू आणि वापर दोन्ही बरोबर असलेलं ते पहिलं छापील उदाहरण आहे.

@तेलकट_हात यांनी कोन जुळवण्यात दोन सेकंद जातात म्हटलं. पण दुसरा पर्याय काय होता? मान पूर्ण मागे वळवणं. उंच सीट, मागे घडी घातलेलं टप, मागच्या सीटवर बसलेली माणसं, धूळ आणि उघडं इंजिन. मान वळवताना खांदा वळतो, खांद्याबरोबर हात, हाताबरोबर स्टिअरिंग. आरसा वर धरणं त्यापेक्षा कमी धोक्याचं.

---

चेकनट

@कागदोपत्री, बर्गरचा काळ महत्त्वाचा आहे, पण त्याचं कारण जाहिरात नाही. 1920 च्या दशकात दोन गोष्टी बदलल्या आणि त्यांच्यामुळे आरसा खऱ्या अर्थाने उपयोगी झाला.

एक, गाड्या बंदिस्त झाल्या. 1919 मध्ये अमेरिकेत दहांत साधारण एक गाडी बंद बॉडीची होती, दशक संपेपर्यंत बहुतेक सगळ्या तशा झाल्या. उघड्या गाडीत मान वळवून निदान काही दिसायचं. बंद गाडीत मान वळवली की मागचा खांब आणि सीटचं कापड. आरशाशिवाय मार्ग उरला नाही. शिवाय बंद गाडीत वरच्या चौकटीचा पक्का लाकडी किंवा पोलादी आडवा मिळतो. काउलच्या पत्र्यापेक्षा किती तरी घट्ट, आणि डोळ्यांपेक्षा वर. दांडी 5-7 सेंटीमीटरची पुरते. लांबीच्या घनाचा फायदा आयता.

दोन, टायर. 1923 पासून फायरस्टोनचे रुंद बलून टायर आले. आधी 60 पौंडांच्या आसपास हवा लागायची, ती साधारण निम्म्यावर आली. रस्त्याचे बारीक हादरे चॅसीपर्यंत पोहोचायच्या आधीच मरायला लागले. आरशाच्या इतिहासात टायरचं नाव कुणी घेत नाही. माझ्या मते घ्यायला हवं.

फोर्डच्या टी मॉडेलवर (1908 ते 1927) जवळजवळ सगळा काळ आरसा ही ग्राहकाने वेगळी घ्यायची वस्तू होती. समोरच्या काचेच्या पितळी किंवा लोखंडी खांबाला क्लॅम्प लावून बसवायचा. यात काय बिघडतं, तेही सांगतो, कारण जुन्या गाड्या दुरुस्त करणारे आजही हीच चूक करतात. क्लॅम्प थेट धातूवर आवळतात. धातूला धातू लागला की दोन-तीनशे किलोमीटरमध्ये नट सैल होतो, क्लॅम्प फिरतो, खांबाचा रंग सोलतो आणि तिथून गंज सुरू होतो. योग्य पद्धत अशी: खांब आणि क्लॅम्पच्या मध्ये दीड-दोन मिलिमीटर जाडीची चामड्याची पट्टी घाला. रबर त्यापेक्षा मऊ, म्हणून काच डुलते. चामडं दबतं आणि पकड धरतं. दोन्ही बोल्ट आळीपाळीने, अर्धा-अर्धा फेरा आवळा, म्हणजे क्लॅम्प तिरका बसत नाही. स्प्रिंग वॉशर आणि वर चेक नट (पहिला सैल होऊ नये म्हणून दुसरा नट). 50 किलोमीटर चालवून पुन्हा आवळा, कारण चामडं तोवर बसलेलं असतं. दांडी आणि काच यांच्यामध्ये बॉल जॉइंट असेल तर त्याची स्प्रिंग एवढीच घट्ट ठेवा की बोटाने जोर दिला तर वळेल, हादऱ्याने नाही. बॉलवर तेल किंवा ग्रीस अजिबात नको. तिथलं घर्षणच तर आपल्याला हवं असतं.

काचेची चौकट बंद करताना खालच्या कडेला निचऱ्यासाठी 2 मिलिमीटरचं भोक ठेवा. तेव्हाचे आरसे काचेच्या पाठीवर चांदीचा थर देऊन, वर संरक्षक रंग लावून केलेले असत. चौकटीत पाणी अडकलं की ते कडेने आत शिरतं, थर काळवंडतो आणि 'पारा उडालेला' आरसा हाती येतो. खराबी नेहमी खालच्या कडेपासून सुरू होते ती म्हणूनच.

---

भिंगवाला

@चेकनट यांच्या बंद गाडीच्या मुद्द्याला एक जोड. बंद गाडीत काय दिसतं हे आरशाचा आकार ठरवत नाही, मागची खिडकी ठरवते. खिडकी 60 सेंटीमीटर रुंद आणि आरशापासून अडीच मीटर मागे धरा, डोळा आरशापासून 60 सेंटीमीटरवर. ती पूर्ण खिडकी आरशात मावायला फक्त 11-12 सेंटीमीटर रुंद काच लागते. त्याहून मोठी काच खिडकीभोवतीचं कापडच दाखवणार. त्या काळातले आतले आरसे आपल्याला छोटे वाटतात, पण खिडकीच्या मानाने ते बरोबर मापाचे होते. खिडकी मोठी झाली तसा आरसा रुंद झाला.

आणि तरी 30 मीटर मागची पट्टी जेमतेम 6 मीटर. बाजूची लेन दिसणार नाही ती नाहीच. बाहेरच्या आरशाची गरज इथून पुढे येते.

---

वळणावर_हॉर्न

वाचतोय. एक शंका. बाहेरचा आरसा बहिर्वक्र असतो, त्यात गाड्या लांब दिसतात. सुरुवातीला सपाटच का वापरले? बहिर्वक्र काच तेव्हा करता येत नव्हती का?

---

भिंगवाला

@वळणावर_हॉर्न, करता येत होती, पण किंमत मोजावी लागते आणि ती अंतराच्या अंदाजात. बहिर्वक्र आरशाची वक्रता-त्रिज्या 1400 मिलिमीटर असेल तर नाभीय अंतर 700. डोळा 90 सेंटीमीटरवर असेल तर लांबची गाडी सपाट आरशाच्या मानाने 700 भागिले 1600, म्हणजे 0.44 पट दिसते. निम्म्याहून लहान. मेंदू लहान म्हणजे लांब असं धरतो. त्याच गाडीत एक आरसा सपाट आणि दुसरा बहिर्वक्र असेल तर तीच मागची गाडी दोन ठिकाणी दोन अंतरांवर दिसते. अमेरिकेच्या नियमात ड्रायव्हरच्या बाजूचा आरसा सपाटच हवा, आणि शेजारच्या बाजूला बहिर्वक्र लावला तर त्रिज्या 889 ते 1651 मिलिमीटरमध्ये हवी व काचेवर इशारा छापलेला हवा. त्याचं कारण हेच.

---

कागदोपत्री

कायद्याचा विषय निघालाच आहे म्हणून. अमेरिकेत राज्यांनी आपापले नियम केले. कॅलिफोर्नियासह अनेक राज्यांच्या कायद्यात 'किमान 200 फूट मागचा रस्ता दिसला पाहिजे' अशी अट आहे. आरसा किती मोठा, कुठे, कसा, यावर बोलण्याऐवजी किती दिसलं पाहिजे ते लिहिलं, हे मला शहाणपणाचं वाटतं. सगळ्या देशासाठी एकच केंद्रीय मानक नव्या मोटारींना लागू झालं ते 1968 पासून. केनच्या पेटंटपासून तोवर 62 वर्षं गेली होती.

आपल्याकडेही स्वस्त गाड्यांना डावीकडचा आरसा कित्येक वर्षं कारखान्यातून मिळत नसे, तो दुकानातून लावून घ्यावा लागे. टी मॉडेलची परिस्थिती आपण 1990 नंतरही पाहिली आहे. म्हणून 'कुणी पहिल्यांदा लावला' यापेक्षा 'कधीपासून प्रत्येक गाडीवर आला' हा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो.

---

स्टिअरिंगमागे

सगळं वाचल्यावर माझं मत आणखी पक्कं झालं. वस्तू 1906-08 ची, वापराची पद्धत लेव्हिटची, टिकाऊ जागा बंद गाडीने दिली, थरथर टायरने कमी केली, विक्री बर्गरने केली. यात हॅरूनच्या वाट्याला काय उरतं? एक गाजलेला फोटो.

आणि @तेलकट_हात, 1912 च्या नियमाबद्दल तुम्ही अजून बोलला नाहीत. शर्यतीच्या आयोजकांनी एक वर्ष आरसा पाहिला आणि मेकॅनिक परत आणला. त्यांचा निकाल स्पष्ट होता.

---

तेलकट_हात

आता त्याबद्दलच बोलतो.

मेकॅनिक फक्त मागे बघायला बसत नव्हता. पेट्रोलच्या टाकीतला दाब हाताने पंप मारून टिकवणं, तेलाचा पंप, मागच्या टायरचा पट्टा सुटतोय का ते बघणं, पिटमधले इशारे वाचणं, वाटेत टायर बदलायला मदत, ही सगळी त्याची कामं. 1912 मध्ये तो परत आला याचा अर्थ आरसा नापास झाला, असा सरळ लागत नाही. या सगळ्या कामांना मिळून माणूस हवा होता.

पुढे बघा. 1912 ते 1922 मेकॅनिक सक्तीचा. 1923 मध्ये सक्ती गेली आणि एका माणसाच्या गाड्या परत आल्या. 1930 मध्ये तो पुन्हा सक्तीचा झाला, पण तेव्हाचं कारण वेगळं: ट्रॅकचा तेव्हाचा मालक रिकेनबॅकर याच्या काळात नियम बदलले, रस्त्यावरच्या गाड्यांशी मिळत्याजुळत्या गाड्या शर्यतीत याव्यात, कारखानदारांनी उतरावं, म्हणून दोन सीटांची बॉडी आली. 1937 नंतर मेकॅनिक कायमचा गेला. आरसा चांगला की वाईट, या एका प्रश्नावर हे नियम कधीच ठरले नाहीत.

हॅरूनच्या वाट्याला काय उरतं, तर हे उरतं: मागचं बघायचं काम माणसाकडून काढून गाडीच्या एका भागाकडे देता येईल, असं त्याने हजारो लोकांसमोर मांडलं आणि त्या गाडीने शर्यत जिंकली. काच थरथरली हे खरं. पकड नंतर इतरांनी सुधारली, हेही खरं. @भिंगवाला आणि @चेकनट यांनी सांगितलेला प्रत्येक दोष मला मान्य आहे, आणि तरी श्रेय मी त्यालाच देणार.

---

चेकनट

@तेलकट_हात, 'मांडलं' आणि 'चाललं' यांत मी चाललेल्याला मत देतो. वर लिहिलेल्या गणितात एक भर घालतो, ज्यांना वास्पसारखी प्रतिकृती करायची असेल त्यांच्यासाठी: दांड्या काउलच्या पत्र्यावर उभ्या न करता पत्र्याखालून आडवी 25 बाय 3 मिलिमीटरची लोखंडी पट्टी दोन्ही चॅसी-पट्ट्यांना बोल्टने जोडा. पट्टी उभ्या कडेवर ठेवा, आडवी नको. आडवी ठेवली तर ती पत्र्याइतकीच लवते. उभ्या कडेवर तीच पट्टी 25 भागिले 3 च्या वर्गाएवढी, म्हणजे सुमारे 69 पट ताठ. दांड्या 10 मिलिमीटरच्या, जितक्या आखूड चालतील तितक्या. पुढच्या दोन दांड्यांना तिरका आधार द्या. एवढं केलं की विटांवर नाही, पण डांबरी ट्रॅकवर मागचं दिसेल इतकी काच स्थिर राहील.